कीड लागलेलं झाड

अण्णांनी कापसाचा बोळा स्पिरिटच्या वाटीत बुडवला, दोन बोटांत हलकेच पिळला आणि मनी प्लांटचं एक पान तळहातावर घेऊन देठाच्या बेचक्यातून फिरवला. मग तो बोळा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला.

"हा बघ. पानाखाली दडून बसला होता, लबाड."

ताईने, त्यांच्या लेकीने, पाहिलं. बोळा पांढराशुभ्र होता.

"गेला ना आता?" ती म्हणाली.

"एक गेला. त्याचं खटलं केवढं आहे मागे!"

आणि त्यांनी दुसरं पान हातात घेतलं.

अण्णांचा सगळा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला होता. तोही पुढे गल्ल्यावर नव्हे, मागच्या खोलीत, काचा घासण्यात. काचेवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी ते ती पुन्हा चाकावर धरत. बाहेर गिऱ्हाईक कितीही चुळबुळत बसलेलं असो, त्यांना कधी घाई म्हणून नसे. तोच हात अजून होता, तसाच स्थिर. लोकांचे हात आधी थरथरतात आणि मग डोकं चालेनासं होतं, म्हणजे बघणाऱ्यालाही सवय व्हायला जरा वेळ मिळतो. अण्णांनी तेवढीसुद्धा सवड दिली नव्हती.

सुरुवात खऱ्या किड्यांनी झाली, हे ताई प्रत्येकाला आवर्जून सांगायची. उन्हाळ्यात खिडकीतल्या क्रोटनला पिठ्या ढेकूण लागले होते. कापूस पिंजून पेरांवर चिकटवावा तसे पांढरे पुंजके, चिकट झालेली पानं, कुंडीच्या कडेने मुंग्यांची ये-जा. बापलेकींनी मिळून साबणाचं पाणी मारलं, कडुनिंबाचं तेल मारलं, स्पिरिटने एकेक पेर पुसून काढलं. किडे गेले. म्हणजे झाडावरचे गेले. अण्णांचे गेले नाहीत. ते त्यांना आधी मनी प्लांटवर दिसायला लागले, मग स्नेक प्लांटवर, मग पडद्यावर आणि उशीच्या अभ्र्यावर. रोज सकाळ-संध्याकाळ स्पिरिटने पुसून पुसून पानं करपली. एकामागून एक कुंड्या रिकाम्या होऊन बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. किड्यांनी घरातलं एकही झाड मारलं नव्हतं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

मोतीबिंदू असेल, या आशेवर ताई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, "उत्तम आहेत डोळे. या वयात इतके चांगले मी फार कमी पाहिलेत." अण्णा खूश झाले. ताईने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. चांगली बातमी ऐकून रडणारं माणूस त्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. पुढचे डॉक्टर डोक्याचे. त्यांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि हे आता वाढतच जाणार, हेही सांगितलं. त्यांचा आवाज फार मऊ होता. इतक्या मऊ आवाजात सांगितलेलं सगळं खरंच असतं, हे ताईला ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. दुसऱ्या शहरात राहायचा आणि तिथून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. वाईट नव्हता. लांब होता, इतकंच.

"ताई, वरच्या काकूंचा मला फोन आला होता."

"मी रोज जिन्यात भेटते की त्यांना."

"तो विषय नाहीये. अण्णांनी त्यांच्या नातवाची मान स्पिरिटने पुसली. पोराला धरून ठेवलं होतं म्हणे. किती रडलं ते."

हे ताईला माहीत होतं. ती ऑफिसातून परत आली तेव्हा अण्णांनीच तिला मोठ्या समाधानाने सांगितलं होतं, की आज एका लेकराला वाचवलं.

"तू दिवसभर ऑफिसात असतेस. उद्या गॅसपाशी स्पिरिट घेऊन बसले तर? मी ती वृद्धाश्रमाची जागा बघून आलोय, ताई. स्वच्छ आहे. चोवीस तास माणसं असतात. रविवारी येतो, आपण बोलू."

"ते तिथे नाही राहायचे रे."

"घरात खरंच किडे असते, तर मी एका शब्दाने बोललो नसतो. म्हटलं असतं, म्हातारा माणूस आहे, जरा अती करतो. पण किडेच नाहीयेत ना."

"आहेत," ताई म्हणाली.

"आहेत म्हणजे?"

"म्हणजे आहेत. क्रोटनवर. पिठ्या ढेकूण. अण्णा म्हणतात ते अगदीच काही खोटं नाही."

"खरंच?" धाकट्याने विचारलं. त्याच्या आवाजात एकदम इतकी आशा आली, की ताईला स्वतःची शरम वाटली. पण खोटं बोलायचं तर रेटून बोलावं.

"रविवारी येतोयस ना? डोळ्यांनी बघ."

फोन ठेवल्यावर तिला आठवलं, की क्रोटन तर केव्हाच वाळून गेलंय.

शनिवारी दुपारी ती नर्सरीत गेली. नर्सरीवाला पाइपने पाणी मारत होता. क्रोटन म्हटल्यावर त्याने तिला एका रांगेपुढे नेऊन उभं केलं. पिवळी, लाल, ठिपक्यांची, एकाहून एक टवटवीत झाडं. ताई खाली वाकून एकेक पान उलटं करून बघायला लागली. नर्सरीवाल्याने बराच वेळ कळ काढली.

"अहो बाई, एकालासुद्धा कीड नाही. सापडली तर झाड फुकट घेऊन जा."

"मला कीड लागलेलंच हवंय."

त्याने पाइप खाली टाकला.

"तपासणीला आलात का तुम्ही?"

"नाही हो."

"मग शेजाऱ्याशी भांडण झालंय?"

ताईला हसू फुटलं. किती दिवसांनी, तिलाच सांगता आलं नसतं. हसता हसता ते हसू कुठे तरी अडकलं आणि ती नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली.

"घरी एका माणसाला दाखवायचं आहे," ती म्हणाली.

नर्सरीवाल्याने पुढे काही विचारलं नाही. शेडच्या मागे जाऊन त्याने एक पिशवी भरून आणली, तिचं तोंड सुतळीने करकचून बांधलेलं होतं. "जाळायला काढलं होतं. पैसे नकोत. फक्त घरात दुसरी झाडं असतील तर याला लांब ठेवा. एकाचं दहांना लागतं."

"दुसरी फारशी उरलीच नाहीत."

अण्णा दुपारचे झोपले होते तेव्हा तिने बाल्कनीत बसून ते झाड जुन्या क्रोटनच्या कुंडीत लावलं. प्रत्येक पेरात किडे होते. गुबगुबीत, पांढरे, पीठ माखल्यासारखे. उन्हाळ्यात ज्यांना तिने शिव्या घालून घालून पुसून काढलं होतं, त्यांना आता ती धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी जपत होती. रविवारी सकाळी उठल्या उठल्या तिने आधी जाऊन पाहिलं, रात्रीतून ते मेले तर नाहीत. नव्हते मेले. देव पावला, असं ती चक्क मोठ्याने म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढे सगळं स्पष्ट होतं. अण्णा बोळा फिरवतील, बोळा मळेल आणि धाकटा तो मळलेला बोळा बघेल. अण्णा म्हणतात ते आणि जगात असतं ते, एकदा, फक्त एकदा एक होईल. मग ते इथेच राहतील. त्यांच्याशिवाय या घरात संध्याकाळी कुलूप उघडून शिरायचं, हे तिला एकदा नुसतं मनात आणून पाहतानासुद्धा जमलं नव्हतं.

धाकटा आला तो तडक बाल्कनीत गेला. वाकला, मोबाइलचा दिवा लावला, नखाने एक पुंजका खरवडला. नखाला चिकट, पिवळट काहीतरी लागलं.

"अगं, हे तर खच्चून भरलंय!"

"मग? सांगत होते ना मी."

तो तिथेच उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसला. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. "मी आपला उगाच... मला वाटलं, तू त्यांना पाठीशी घालतेयस. मी तिथे उद्यापासूनची खोली सांगून ठेवलीये. नाही म्हणून कळवतो." त्याने खरंच मोबाइल पुन्हा बाहेर काढला. मग एकदम लहान मुलासारखा उत्साहाने उठला आणि झाड उचलून आतल्या टेबलावर आणून ठेवलं.

"अण्णा, या इकडे! सापडले बघा तुमचे किडे."

अण्णा वाटी आणि कापूस घेऊन आले. खुर्ची ओढून बसले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा चढवला. मग त्यांनी एक पान उचललं. वरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, देठ पाहिला, खोडावरून अंगठा फिरवला. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना किडे होते.

"कुठे आहेत?" अण्णांनी विचारलं.

"हे काय. इथे, देठापाशी." धाकट्याने बोट ठेवून दाखवलं.

अण्णांनी बोटाकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे. नवा चष्मा चांगला असूनही अंधुक दिसतंय म्हणून हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते असंच बघायचे, अजिबात न रागावता.

"नाही रे. हे ठणठणीत आहे. पानं बघ ना कशी चकाकताहेत. घरात एवढं एकच झाड निरोगी राहिलंय." ते ताईकडे वळले. "कुठे ठेवलं होतंस गं हे?"

"बाल्कनीत," ताई म्हणाली.

"शाबास. छान जपलंस."

धाकट्याने बोट मागे घेतलं आणि रुमालाला पुसलं. पुसून झाल्यावरही तो ते पुसत राहिला. मोबाइल त्याने नकार न कळवताच खिशात ठेवून दिला होता.

अण्णांनी कापूस आणि वाटी बाजूला सारली. कुंडी ओढून मांडीवर घेतली.

"तिकडे जाताना हे मी बरोबर नेईन."

"तिकडे कुठे, अण्णा?" ताईने विचारलं.

"आता कुठे काय? हा नेणार आहे तिकडे. मला ऐकू येतं गं सगळं. कानांना काही झालेलं नाही माझ्या." ते हसले. "बाकीची झाडं मात्र नकोत. तिथे चार माणसं असतील, त्यांचीही काही झाडंबिडं असतील. आपल्यामुळे त्यांना लागण नको. माणसाने दुसऱ्याकडे जाताना कीड घेऊन जाऊ नये."

ते धाकट्याकडे वळले.

"माझ्या खोलीला खिडकी आहे ना रे?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ती खाली फरशीकडे बघत होती.

"आहे, अण्णा. मोठी आहे."

"झालं तर मग. याला ऊन लागतं."

एक किडा पानावरून उतरून अण्णांच्या बाहीवर आला होता. बटणाजवळ थांबला, पुन्हा सरकला. अण्णांनी हात पुढे केला, बाही नीट ओढून घेतली आणि पान सावरलं.

"आज पाणी घातलंस का याला?"

"नाही अजून. घालते," ताई म्हणाली.

धाकट्याला दाखवून झालं की रात्री कचऱ्याबरोबर ते झाड खाली नेऊन टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, तांब्या भरून घेऊन आली आणि अण्णांच्या कपड्यांवर पाणी सांडू नये म्हणून कुंडीच्या कडेकडेने, सगळी माती भिजेपर्यंत पाणी घालत राहिली.