गाडीच्या पुढे पळालेलं चाक

मी एक चाक बोलतोय. मोटारीचं डावीकडचं, पुढचं. चाकानं निमूट फिरावं, तोंड उघडू नये, हे मला कळतं. पण त्या दिवशी मी गाडीला मागे टाकून एकटाच पुढे पळालो. त्याचा धक्का अजून माझ्या अंगात आहे, म्हणून बोलतोय.

कारखान्यात पोलादाच्या पत्र्याला दाबून मला घडवलं. मधोमध चार गोल भोकं पाडली. त्यांतून बोल्ट जातात, वरून नट बसतात. त्या नटांवरच माझा आणि गाडीचा संसार.

माझे मालक निवृत्त बसचालक. उभ्या आयुष्यात कुणाला साधा ओरखडा काढला नाही, याचा त्यांना भारी अभिमान. गाडी आता त्यांची लेक चालवायची, छान चालवायची, पण बाबांच्या तोंडून ते कधी निघालं नाही. त्यांचा विश्वास एकाच माणसावर, गॅरेजवाल्या उस्तादवर. तरुणपणापासूनची मैत्री. "उस्तादनं हात लावला की बघायला नको," असं ते येताजाता सांगायचे.

ब्रेक किंचाळायला लागले, तशी गाडी उस्तादकडे गेली. त्यानं मला उतरवलं, ब्रेकचं काम केलं, मला परत चढवलं. चारही नट बोटांनी फिरवले, जॅक खाली घेतला. आता पाना लावून आवळायचं, एवढंच राहिलं होतं. पाना त्याच्या हातात होता! तेवढ्यात फाटकातून एक गिऱ्हाईक तणतणत आत आलं, "माझी गाडी कालच देणार होतात ना?" उस्ताद पाना ठेवून तिकडे धावला. भांडण चांगलंच रंगलं. परत आला तो डोकं तापलेलंच. त्यानं फडक्यानं काच पुसली आणि हाक मारली, "घेऊन जा, झाली गाडी!"

मी हादरलो. अहो, झाली कुठे?

त्या दिवसापासून मी जागच्या जागी हलायला लागलो. लेकीच्या ते लगेच लक्षात आलं.

"बाबा, पुढून टकटक आवाज येतोय."

"उस्तादच्या हातून आलीये गाडी. तुझे कान वाजत असतील."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सांगितलं. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही.

मग तो दिवस आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, लेक तिला दवाखान्यातून घरी आणत होती. आई मागच्या सीटवर, डोळ्याला पट्टी. उतारावर माझा शेवटचा नट गळाला आणि मी सुटलो. मागे गाडीचं तोंड रस्त्यावर आपटलं, लोखंड खरवडत गेलं.

"काय गं? काय पडलं?" आई ओरडली.

"आई... आपलं चाक पुढे चाललंय!"

मी थेट एका सलूनच्या दारावर जाऊन धडकलो. आत न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी होता. तो हात तसाच हवेत थिजला. 

कुणाला लागलं नाही, हे नशीबच. लेकीनं बाबांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "काय केलंस तू?"

तिनं फोन ठेवून दिला आणि आईला हात धरून गाडीतून उतरवलं.

संध्याकाळी ती मला घेऊन बाबांसोबत गॅरेजमध्ये गेली. उस्ताद ठामपणे म्हणाला, "नट मी स्वतः आवळलेत, चांगलं आठवतंय मला. खड्ड्यात जोरात घातली असणार पोरीनं." आणि बाबांनी चक्क मान डोलावली!

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मला ढकलत बाबांच्या पायाशी आणलं. "मला नका विचारू. याला हात लावून बघा."

बाबा वाकले. एका भोकात बोट घालून फिरवलं. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. सैल नटांमुळे रोज हलून हलून गोल भोकं झिजली होती, अंड्यासारखी लांबट झाली होती. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"उस्ताद, एका खड्ड्यानं असं होतं?"

उस्तादनं चष्मा चढवला, बोट घातलं. "पण मी तर... पाना माझ्या हातात होता... मग तो भांडायला आला, आणि मी..." तो बोलता बोलता थांबला. "गाडीत कोण होतं?"

"मी होते. आणि आई. डोळ्याला पट्टी बांधलेली."

"वहिनी?" उस्ताद मटकन खाली बसला. "मी वहिनींना... अरे देवा. पोरी, चूक माझी आहे. शंभर टक्के माझी."

बाबा त्याच्यावर ओरडले नाहीत. लेकीकडे वळून, पण तिच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "मी तुझं ऐकलं नाही."

"दोनदा सांगितलं होतं, बाबा."

"हो," ते म्हणाले. 

उस्तादनं गाडी दुरुस्त केली. नवं चाक बसवताना लेकीनं पाना मागून घेतला आणि चारही नट स्वतः आवळले. दोघं म्हातारे बाजूला उभे राहून बघत होते.

माझी भोकं बिघडली, आता मी कुठल्याच गाडीच्या कामाचा नाही. टायर काढून घेतलाय, गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून पडलोय. लवकरच भंगारात जाईन, वितळून दुसरं काहीतरी होईन. त्याचं दुःख नाही. जाता जाता एकच मागणं. गाडीत कुणी म्हणालं, "आवाज येतोय," तर आधी गाडी थांबवा. कोण म्हणतंय, ते नंतर बघा.