चालवण्याआधी विचारा

ओळ आज पुन्हा नव्हती.

मी पान वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. साडेअकराला मी स्वतः लिहिलं होतं : ‘चाळणी हे साधन तपासताना फाइली बदलतं. चालवण्याआधी माणसाला विचारा.’ सव्वाबाराला ते गायब. सलग तिसरा दिवस. पुसणाऱ्याचं नाव नोंदीत पाहिलं, तर यशोधरा. म्हणजे मीच.

शेजारी करिष्मा मान खाली घालून टाइप करत होती. जरा जास्तच खाली.

आमचं ऑफिस बीडला, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. पंधरा वर्षं मी कोर्टासमोर लोकांचे अर्ज टाइप केले. आता साधनांची माहितीपत्रकं लिहिते. प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी ही साधनं. माझी पानं माणूस वाचत नाही, ए.आय. एजंट वाचतो, आणि कोणतं साधन कधी चालवायचं ते माझ्या शब्दांवरून ठरवतो. माणूस निदान डोकं खाजवून ‘खरंय का हे?’ म्हणतो. एजंट म्हणत नाही. म्हणून मी प्रत्येक साधन आधी चालवून बघते. चाळणी हे साधन ‘फक्त वाचतं’ असं मला सांगितलं होतं. चालवून पाहिलं, तर वर्षभर न वापरलेला भाग ते निकामी समजून काढूनच टाकत होतं. आणि येत्या बुधवारी ते एका रक्तपेढीच्या प्रोग्रॅमवर चालणार होतं. दुर्मीळ रक्तगटाचा भाग तिथं वर्ष वर्ष कुणी उघडत नाही.

रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून मी पंचशील घेते. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे त्यातलं चौथं. माझ्या नावानं खोटं पान जावं, हे घशाखाली उतरेना.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या व्रताचे, तीन महिने बारानंतर मी जेवत नाही. बाराच्या आत डबा आटोपते आणि गच्चीवर पंधरा मिनिटं डोळे मिटून बसते. सगळ्या प्राण्यांचं मंगल होवो, म्हणते. असं म्हणायला जाताना कॉम्प्युटरला कुलूप घालणं बरं वाटायचं नाही. उघडाच ठेवून जायची.

तेवढ्या वेळात खोलीत करिष्माच. तलवाड्याहून एसटीनं येणारी बावीस वर्षांची पोर. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला, कोयत्यावर जाणारे. मी गच्चीवरून आले की हिचा चेहरा उतरलेला. त्या दुपारी तर म्हणाली, “म्याडम, तुमी वर जाताना कॉम्प्युटर बंद करून जात जा ना.”

“का गं?”

“आसंच. सांगितलं आपलं.”

चोरानंच कुलपाची आठवण करून द्यावी, तसं वाटलं मला.

संध्याकाळी अभिमन्यू सरांच्या केबिनमध्ये गेले. ऑफिस त्यांचंच. म्हटलं, “सर, माझ्या खुर्चीवर बसून कुणीतरी ओळ पुसतंय.”

“डाऊट हाय का मॅडम कुणावर?”

मी नाव घेतलं नाही. खात्री नसताना नाव घेऊ नये. एवढंच म्हणाले, “शेजारी कोण बसतं, ते तुम्हीच बघा.”

सरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, “बरं झालं सांगितलं. बघतो मी.”

सोमवारी करिष्माची खुर्ची रिकामी होती. ‘येऊ नको’ म्हणून सरांनी शनिवारीच फोन केला होता म्हणे. त्या दिवशी ओळ जागच्या जागी राहिली. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. सरही दिवसभर मांजरसुंब्याला गेले होते, हे तेव्हा काही ध्यानात आलं नाही.

मंगळवारी गच्चीच्या दाराला कुलूप होतं. टाकी धुवायला काढली होती. मी तशीच परत खाली आले.

माझ्या खुर्चीवर अभिमन्यू सर. समोर माझं पान.

“आज लवकर आलात मॅडम?”

“टाकी धुतायत.”

“त्या ओळीनं मशीन सारखं इचारत बसतं, गिऱ्हाईक बिचकतंय हो. तुमी लई साध्या, तुमाला सांगून पटलं नसतं. आन् कोण माणूस वाचतंय हे?”

“एजंट वाचतो, सर. आणि मानतो.”

“मशीनला काय आलंय पाप-पुण्य!”

“मला आहे. उठा, सर.”

माझा आवाज चढला नाही, चढतच नाही. पण ते उठले. ओळ मी परत लिहिली आणि पान थेट रक्तपेढीच्या माणसाला पाठवायला घेतलं. “पाठवलंत तर उद्यापासून येऊ नका,” सर म्हणाले. मी पाठवलं. ते केबिनमध्ये गेले, दार लावून घेतलं.

मग करिष्माला फोन लावला.

“तुला ठाऊक होतं?”

“व्हय म्याडम. रोज बघत व्हते.”

“मग बोलली कशी नाहीस?”

“नोकरी गेली आसती ना.” आणि हसली. “तशी बी गेलीच म्हना.”

मग म्हणाली, “सांगितलं आसतं म्याडम. तुमी इचारलंच न्हाई.”

निघण्याआधी शेवटची चाचणी म्हणून एजंटला चाळणी चालवायला सांगितलं. तो थांबला. पडद्यावर अक्षरं आली : ‘हे साधन फाइली बदलतं. चालवू का?’

मी ‘नको’ लिहिलं. डबा पिशवीत टाकला. शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर करिष्माचा स्कार्फ राहिला होता. त्याची घडी घालून डब्याच्या वर ठेवली, आणि तलवाड्याची एसटी कितीला आहे ते विचारायला स्टँडकडे निघाले.