निळ्या कुंडीचा हेवा

मित्रांनो, मी मातीची एक कुंडी आहे, जुनी आणि काठाचा टवका उडालेली. माझ्यात चाइव्हज वाढतात. ही कांद्याच्याच कुळातली पात, पण दोऱ्यासारखी बारीक आणि चवीला सौम्य. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या खिडकीत मी नऊ वर्षं आहे. त्यांच्या कामाला उजेड लागे आणि मला ऊन, म्हणून आमचं छान जमलं.

पात उन्हाकडे वाकू नये म्हणून बाई मला दर रविवारी अर्धी फिरवत. मातीत बोट खुपसून बघत आणि कोरडी लागली तरच पाणी घालत. कापताना दोन बोटं खुंट राखत, म्हणजे पात पुन्हा फुटे. घड्याळ न्यायला आलेली माणसं आधी माझंच कौतुक करत. घरात बाई एकट्या होत्या. त्यांचं बोलणं ऐकायला मीच होते, आणि मला तेच आवडायचं.

मग त्यांची धाकटी बहीण राहायला आली. ती शाळेत गाणं शिकवायची. लांबलेल्या तापाने तिच्या तोंडाची चव गेली होती. दोन घास खाऊन ती ताट सरकवायची. वजन आणखी उतरलं तर इस्पितळात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका सकाळी बाईंनी उकडलेल्या अंड्यावर माझी पात बारीक कापून घातली. धाकटीने वास घेतला आणि कितीतरी दिवसांनी ताट रिकामं केलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण बाईंनी माझ्यातला अर्धा झुबका मुळांसकट काढला आणि धाकटीने आणलेल्या निळ्या चिनी मातीच्या कुंडीत लावला. "ही तुझी, तूच सांभाळ," त्या म्हणाल्या. निळी माझ्या जागेवर बसली, धाकटीच्या खुर्चीसमोर. मी कपाटाआड गेले. तिथे ऊन जेमतेम तासभर यायचं. बाईंचं बोलणंही आता धाकटीशीच चाले. माझा नुसता जळफळाट झाला.

निळीच्या बुडाला भोक नव्हतं. ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. धाकटी हौसेने रोज पाणी घाली आणि ते तळाशी साचून राही. पंधरा दिवसांत निळीतली पात पिवळी पडून लोळली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं.

त्या सकाळी धाकटीने ताट पुन्हा सरकवलं. "माझ्या हातून काही जगतच नाही, ताई," ती हळूच म्हणाली.

बाईंचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा मला माझीच लाज वाटली. सडत होता तो माझ्याच पातीचा अर्धा भाग होता.

बाईंनी निळी कुंडी पालथी केली. कुबट पाणी भळभळा वाहिलं. "तुझा हात चांगला आहे गं. हिला भोकच नाही, ते मी बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी छोट्या गिरमिटाने भोक पाडायला घेतलं, तर कुंडीचे दोन तुकडे झाले.

धाकटीने सडकी मुळं कापली. चार पांढरे कोंब तेवढे धड उरले. ते लावायला ती माझ्याकडे वळली आणि थबकली. "ताई, ही बघ उजेडासाठी किती वाकडी झालीय. हिला आपण विसरलोच."

जिच्यावर मी जळत होते, तिलाच मी दिसले! तिने ते कोंब माझ्यात लावले, माती दाबली आणि मला उन्हात नेऊन ठेवलं. पुढे दर रविवारी तीच मला फिरवू लागली. कोंबांनी जोर धरला, तशी तीही दोन्ही वेळा जेवू लागली. काही महिन्यांनी ती आपल्या शाळेत परत गेली. जाताना तिने तळाला भोकं पाडलेल्या डब्यात माझी थोडी पात नेली. डबा तिच्या मांडीवर बसून गेला, आणि मला त्या डब्याचाही हेवा वाटला.

मित्रांनो, तुमच्या घरी नवी कुंडी आली, तर तिचे लाड जरूर करा. पण जुनीला उन्हातून उठवू नका. तिला थोडं सरकून बसायला सांगा. ती कुरकुरेल, पण सरकेल.