आभारासाठी पाच नावं

नौपाड्यातल्या त्या दवाखान्याला बावीस पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही. अर्धांगवायूच्या पेशंटना बोलायला शिकवायचं आणि दवाखाना काढायचा पहिल्या मजल्यावर, ही कुणाची अक्कल, असं मी पहिल्याच दिवशी विचारणार होते. मग सात महिने, आठवड्यातून दोनदा, त्या पायऱ्या चढत राहिले आणि विचारायचं राहून गेलं. वर पोचल्यावर श्वासच उरायचा नाही.

चढायची आमची पद्धत ठरलेली. मी यांच्या उजव्या बाजूला, कारण उजवी बाजूच गेलेली. मागे पंढरी. पंढरी कल्याणला आमच्याच चाळीत राहतो, रिक्षा चालवतो. दुर्गाडीच्या पुलावरून, बायपासला ट्रकांच्या मागे रखडत तो आम्हाला ठाण्याला आणतो आणि वर यांना मागून धरून चढवतो. "सर, सातच राहिल्या. सर, पाच." हे काही सर नाहीत, शाळेत क्लार्क होते. पण पंढरीला एकदा विचारलं, "तू आमच्यासाठी एवढा का रे खपतोस?" तर म्हणाला, "वहिनी, जयंतीला मी पाहुण्यांना स्टेशनवरून आणलेलं ना, तेव्हा सरांनी माईकवरून माझं नाव घेतलेलं. आडनावासकट. माझ्या लग्नातसुद्धा भटजीने... म्हणजे भंतेजींनी चुकीचं घेतलेलं."

तर हे, म्हणजे महेंद्र, माझे मिस्टर, आमच्या विहारातले आभार मानणारे. जयंती असो, बुद्ध पौर्णिमा असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो, आभारप्रदर्शन यांच्याकडे. ते कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्यांच्या गाडीला सेल्फ मारलेला असतो, बायका चपला शोधत असतात, आणि एक माणूस माईकवर नावं वाचत असतो. कुणी ऐकत नाही. हे मात्र दहावीचा निकाल सांगावा तसं वाचायचे. त्यासाठी दुपारपासून कागद घेऊन फिरायचे. जनरेटर कुणी ओढला, सतरंज्या कुणी झाडल्या, चहा कुणी गाळला. "नुसतं मंडपवाले म्हणून चालत नाही," म्हणायचे, "त्या माणसाला नाव असतं."

आणि घरी? घरी एकोणतीस वर्षं मी चहा दिला, कप उचलला. एकदा टोकलंच, तर म्हणाले, "घरच्या माणसाचे आभार मानले की तो पाहुणा होतो."

"होऊ दे की दोन दिवस पाहुणी," मी म्हटलं, "निदान बसायला खुर्ची तरी मिळेल."

हसले होते. तेव्हा हसायचे.

मग डोक्यात गुठळी झाली. जीव वाचला, शब्द गेले. एवढ्या बोलणाऱ्या माणसाकडे दोनच शब्द उरले, "हां बघ." पाणी हवं, हां बघ. पंखा बंद कर, हां बघ. संडासला जायचंय, तेही हां बघ, आणि ते मला कळायच्या आत बऱ्याचदा उशीर झालेला असायचा. सगळं समजत होतं, नजर जागच्या जागी होती. फक्त बाहेर काही येत नव्हतं.

मला भाषण नको होतं. मला हाक हवी होती. नावाने त्यांनी मला कधीच बोलावलं नाही. माझं अमृता हे नाव त्यांनी लग्नाच्या नोंदणीत लिहिलं तेवढंच. घरात मी "अगं". स्वयंपाकघरात असले तर "अगं", गच्चीत असले तर जरा मोठ्याने "अगं". ते बंद झालं तेव्हा कळलं की दिवसभरात आपल्याला हाक मारणारं दुसरं कुणीच नाही. मुलगी पुण्याला, ती फोनवर "मम्मी, पप्पा कसे आहेत" म्हणते. दवाखान्यात मी "पेशंटबरोबर कोण आहे" ची कोण.

तर त्या गुरुवारी मी ठरवून गेले होते की आज शेवटचं. गुडघे सुजलेले, आदल्या रात्रीची झोप नाही. सात महिन्यांत हां बघचं हां बघच राहिलं होतं. बोलायला शिकवणारी मुलगी जोविटा, ठाण्याचीच, ख्रिस्ती, तीसच्या आतली. तिच्यासाठी नाचणीचे लाडू नेले. लाडू देऊन सुटता येतं असं आपल्याला वाटतं.

"काकू, असं मध्येच नका ना सोडू," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस बघू."

"दिवस खूप आहेत गं माझ्याकडे. गुडघे दोनच आहेत."

तिने लाडवांच्या डब्याचं झाकण काढलं. हे खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, निघताना चार शब्द बोलावेत, नाहीतर बरं दिसत नाही. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "जोविटा, तुझे फार आभार. इथल्या मोठ्या मॅडमचे आभार. बाकीच्या सगळ्यांचे आभार."

यांनी मान वळवली. डावा हात वर केला, तर्जनी उचलली, जसं विहारात कुणी मध्येच बोललं की करायचे तसं.

"तसेच," हे म्हणाले.

अगदी स्वच्छ. जोविटाच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"तसेच ध्वनिक्षेपक," हे म्हणाले. मग थोडं अडखळले, ओठ वाकडे झाले, पण थांबले नाहीत. "तसेच मंडप. तसेच खुर्च्या, धनेश."

"काकू, काय म्हणतायत?"

"आभार मानतायत."

"कुणाचे?"

"लाउडस्पीकरवाल्याचे," मी म्हटलं आणि मटकन खाली बसले. रडू यायला हवं होतं, हसू आलं. बाकीच्यांचे आभार असं मोघम म्हटलेलं त्यांना सहन झालं नव्हतं. अख्खं आयुष्य त्यांनी जिला नावं ठेवली तीच चूक मी त्यांच्यासमोर केली होती.

जोविटाने मग समजावलं. जे हजारदा म्हटलेलं असतं ते डोक्यात वेगळ्या कप्प्यात राहतं. तिच्या एका अंकलना रोझरीची अख्खी प्रार्थना यायची, पण पाणी मागता यायचं नाही. "आपण पाढे ट्राय केलेले, बुद्धवंदना ट्राय केलेली. हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

वंदनेला हे मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायचे, हे तिला कसं सांगू. आणि आभार हे काही पाठांतर आहे असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. त्या कप्प्यात खुर्च्यांचा धनेश आहे. मी नाही.

"आता रोज संध्याकाळी आभार," जोविटाने बजावलं. "पण विहारातले जुने नकोत. आजचे. आज ज्यांनी काय काय केलं त्यांचे. रोज पाच नावं. तुम्ही सांगायची, त्यांनी म्हणायची. इथे पंधरा दिवसांनी या, पायऱ्या कमी चढाल."

त्या शेवटच्या वाक्याला मी हो म्हटलं.

पाच नावं म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं होतं. पहिल्या संध्याकाळी पंढरी झाला, जोविटा झाली, शेजारच्या मीराबाई झाल्या, त्या वाटीभर आंबाडीची भाजी देऊन गेल्या होत्या. मग मी अडकले. दिवसभर मी माणसांतच होते, पण माझ्यासाठी कुणी काही केल्याचं आठवेना. कुणी काय नाही केलं, ती यादी मात्र तयार होती, अगदी सासरच्या माणसांपासून.

तिसऱ्या दिवशी मी चक्क खोटं नाव घातलं. "औषधाच्या दुकानातला सलिल," म्हटलं.

हे टॉर्च माईकसारखा धरून बसायचे. टॉर्च खाली केला आणि म्हणाले, "कोण?"

सात महिन्यांनी माणूस मला प्रश्न विचारतो आणि तोही माझी चोरी पकडायला. दुसऱ्या दिवशी झक मारत दुकानात गेले आणि त्या टकलू माणसाला विचारलं, "भाऊ, तुमचं नाव काय?" तो दचकला. त्याला वाटलं, तक्रार करायचीय. गोळ्यांच्या पाकिटांवर तो मला मोठ्या अक्षरांत सकाळ, संध्याकाळ लिहून देतो, पहिल्यापासून, न सांगता. नाव सखाराम. का विचारलं ते त्याला सांगितलं. पुढच्या वेळी त्याने काउंटरच्या आतून स्टूल काढून दिलं. "बसा ताई. उभ्या कशाला राहता."

असं सुरू झालं. पाच नावं भरायची म्हणून मी बघायला लागले. भाजीवाली कोथिंबिरीची मुळं कापून देते. खालच्या मजल्यावरची पायल पाणी सुरू झालं की जिन्यातून ओरडते. कुणाचं नाव माहीत नसेल तर विचारायचं आणि नाव विचारलं की माणूस पुढच्या वेळी आपलं नाव विचारतो. दोन-तीन जण मला अमृताताई म्हणायला लागले. मला सवय नव्हती, मी मागे वळून बघायचे.

मीराबाईंना कळल्यावर त्या सहाच्या ठोक्याला हजर. सत्तरीच्या आहेत, पण वशिला लावण्यात तरुण.

"आज माझं नाव आहे का गं?"

"आज काय केलंत तुम्ही?"

"आले ना."

पूर्वी त्या आल्या की माझ्या कपाळावर आठी यायची, कारण जायच्या नाहीत. आता मी त्यांना यांच्याजवळ बसवून आत जाऊन आडवी होते. अर्धा तास. बाहेरून यांचं "तसेच, तसेच" आणि मीराबाईंचं "माझं राहिलं, माझं राहिलं" ऐकू येत असतं आणि त्यात मला झोप लागते.

मी काही सुखी-बिखी झाले नाही. गुडघे तेच, चादरी त्याच. फक्त दिवस संपताना शिव्या मोजत झोपायचे, त्याऐवजी नावं मोजत झोपते. तेवढ्याने सकाळी अंग जरा हलकं असतं. यांचंही बोलणं वाढलं, वीस-पंचवीस शब्द आले. हाक मात्र आली नाही. जोविटाला विचारलं, तर प्रामाणिक मुलगी आहे, म्हणाली, "सांगता नाही येणार, काकू."

परवाचा रविवार मात्र वाईट गेला. मला ताप. पंढरी गावाला, मीराबाई लेकीकडे टिटवाळ्याला. सकाळी नळाला पाणी नाही आणि त्यात यांनी दोनदा अंथरूण ओलं केलं. साठवलेल्या पाण्यात चादरी धुतल्या, दारात दोरीवर टाकल्या. दिवसभर दाराशी कुणी आलं नाही. सहा वाजता यांनी टॉर्च उचलला.

"आज कार्यक्रम रद्द," मी म्हटलं. भिंतीला टेकून खालीच बसले होते. "आज कुणी नाही."

"तसेच," हे म्हणाले.

"म्हटलं ना, कुणीच नाही. कुणाचं नाव सांगू?"

"तसेच..."

थांबले. चादरींकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. साबणाने बोटांची कातडी सुरकुतली होती. ओठ हलायला लागले, अ, अ, असं काहीतरी. मला वाटलं, अंथरूण. पुन्हा उठावं लागणार. मी भिंतीला हात टेकून उठायला लागले.

"अगं," हे म्हणाले.

"काय?" मी म्हटलं. एकोणतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. आणि मग मी आहे तिथेच, अर्धी उठलेली, थांबले.

"तसेच, अगं," हे पुन्हा म्हणाले. टॉर्च तोंडाजवळ धरून, निकाल सांगतात तसं. आणि श्वास न घेता पुढे, "तसेच खुर्च्या, धनेश."

"धनेशने आज काय केलं?" मी विचारलं.

"हां बघ," हे म्हणाले आणि वाकड्या ओठांनी हसले.

मी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले.