माझ्या किनारीवरचे बावीस ग्रॅम

मी एक पिशवी बोलतेय. भाजीची नव्हे, पक्ष्यांची! ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटायचं. खरं सांगायचं तर जन्माने मी पायजमा आहे. सारापिकीच्या जंगलातल्या अभ्यासकेंद्रात मायेलाबाई स्वयंपाक करतात, त्यांच्या नवऱ्याचा, फ्लॅनेलचा, पिवळ्या फुलाफुलांचा. त्याचा एक गुडघा फाटला आणि दुसऱ्या पायातून मी निघाले. तोंडाची नाडीसुद्धा पायजम्याचीच.

केंद्रात तीन-तीन आठवड्यांचे वर्ग भरतात. रानातले जीव हातात कसे धरायचे, ते पोरं-पोरी इथे शिकतात. पहाटे जाळी लावायची, अडकलेला पक्षी अलगद सोडवून माझ्या पोटात घालायचा आणि मला वजनकाट्याला टांगायचं. मग पक्षी बाहेर, पायात कडी, पंखांचं माप, की गेला भुर्र! काट्यावरच्या आकड्यातून माझं वजन वजा केलं की पक्ष्याचं उरतं. दर वेळी मला रिकामी तोलत बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून वर्ग चालवणाऱ्या उलाते सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या किनारीवर पक्क्या शाईने लिहून टाकलं, बावीस ग्रॅम.

बाईमाणसाचं वजन असं चारचौघांत लिहितात का? पण मला वाटलं, हा मानच आहे. मिरवत राहिले.

बाकीच्या पिशव्या विकतच्या, पातळ, तासाभरात वाळणाऱ्या. मी जाडजूड. पाऊस आला की पिते, धुतलं की पिते, घाबरलेल्या पक्ष्याने केलेलंही पिते आणि सोडायचं नाव घेत नाही. दोन वर्षं मी स्वयंपाकघरामागच्या खिळ्याला लटकतेय, पण कधी पुरती वाळल्याचं आठवत नाही. खिळा तिथे, म्हणून मागच्या ओढ्याकाठच्या जाळ्यांना कायम मीच.

आणि काय सांगू, त्या जाळ्यांतले पक्षी अख्ख्या जंगलात गुबगुबीत! मनाकिन म्हणून एक मुठीत मावणारा पक्षी आहे. तो इतरत्र अठरा ग्रॅम, ओढ्याकाठी बावीस. उलाते सर प्रत्येक वर्गाला छाती फुगवून सांगायचे, "आपल्या ओढ्यावर फळं बघा किती! म्हणून इथले पक्षी असे खातेपिते." मी आपली मनात म्हणायचे, माझ्या पोटात आलं की पक्षी बाळसं धरतो. अक्कल बघा माझी!

यंदाच्या वर्गात मायेलाबाईंची लेक योर्लेनी होती. चार वर्षं ती अननसाच्या कारखान्यात पेट्या भरत होती. वर्ग संपल्यावर सर एकाला वर्षभर जाळ्यांच्या कामावर ठेवणार होते. ते काम मिळालं नाही, तर सोमवारी पुन्हा अननस. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपला अभ्यास मांडायचा होता आणि योर्लेनीने विषय घेतला तो सरांच्याच आवडीचा, ओढ्याकाठचे पक्षी जाड का? तीन आठवडे फळं मोजून पोरगी काळवंडली.

"आली बघा पायजमेवाली!" राजधानीहून आलेला फाब्रिसियो योर्लेनीला रोज चिडवायचा.

"तुझ्या जाळ्यात नुसती पानं अडकतात रे. आधी एखादा पक्षी धर, मग बोल."

शेवटच्या सकाळी तिला आणखी एक मनाकिन मिळाला. तिने मला काट्याला टांगलं. चव्वेचाळीस. तेवढ्यात माझी शिवण उसवली आणि पक्षी पसार! काटा खाली आला आणि सव्वीसवर थांबला.

योर्लेनीने मला झटकून पुन्हा टांगलं. सव्वीसच. मग तिने माझी किनार वाचली आणि चव्वेचाळीसातून सव्वीस वजा केले: अठरा. वरचे चार ग्रॅम फळांचे नव्हते हो, माझे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला मुठीत घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. "आई, पक्षी जाड नाहीत. पिशवी ओली आहे."

मायेलाबाई केळी तळत होत्या. "कुणाला कळलंय?"

"अजून कुणालाच नाही."

"मग गप बस की गं! दोन वर्षं सर सांगतायत, तू कोण त्यांना खोटं पाडणारी? आधी काम मिळू दे, मग सांग."

"मग कुठल्या तोंडाने सांगू?"

मायेलाबाईंच्या कढईतली केळी करपली.

वर्ग जमला. योर्लेनीने फळांचे तक्ते उघडलेच नाहीत. तिने सगळ्यांसमोर मला रिकामीच टांगलं. "माझा अभ्यास एवढाच आहे. ही पिशवी पाणी पिते. ओढ्याकाठचे पक्षी जाड नाहीत. फळं मी उगाच मोजली."

फाब्रिसियो हसायला गेला आणि सरांकडे बघून गप्प झाला. सर उठले, काटा वाचला, मग स्वतःचं अक्षर वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"दोन वर्षं मी हे सांगत फिरतोय," ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले. मी काट्यावर तशीच लटकत राहिले, सव्वीस ग्रॅमची.

संध्याकाळी सर स्वयंपाकघरात आले. मायेलाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सर, पोरीच्या मनात तसं काही नव्हतं हो..."

"कारखान्यात निरोप धाडा, मायेलाबाई. सोमवारी ती येत नाही म्हणावं."

"म्हणजे?"

"जाळ्यांवर मला असंच माणूस हवंय. माझा आकडासुद्धा तपासून घेणारं."

मायेलाबाईंनी आधी लेकीला एक धपाटा घातला, मग मिठी मारून रडल्या. माझ्यात ओलावा आधीच पुष्कळ होता, तरी थोडा आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना आपली चूक कळवणारी पत्रं लिहायला घेतली आणि मला फेकून द्यायला सांगितलं. योर्लेनी म्हणाली, "राहू द्या सर. शिकवायला असला नग पुन्हा मिळायचा नाही."

म्हणून मी अजून आहे. शिवणीला चार टाके, नाडीला गाठी. नवा वर्ग आला की योर्लेनी मला रिकामी टांगते आणि माझा त्या दिवसाचा आकडा मोठ्याने वाचते. "सत्तावीस!" की सगळी पोरं खो खो हसतात. हसा बापडे! मी लठ्ठ आहेच. फक्त माझं वजन माझ्याच नावावर लिहा, त्या अठरा ग्रॅमच्या जिवावर ढकलू नका. एवढीच माझी विनंती.