मागे दिलेला चेंडू

"सोड, गोप्या! सोड चेंडू!" काठावरून शांताराम ओरडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डहाणूच्या गोपीनाथ चुरीने चेंडू छातीवर झेलून खाली घेतला होता. डाव्या अंगाला कोण मोकळा आहे ते तो पाहत होता, आणि तेवढ्यात तलासरीची तीन पोरं तीन बाजूंनी त्याच्यावर तुटून पडली. समोरून त्यांच्यातला लडक्या, गंजाडचा. अनवाणी पाय, पण वेग असा की गोपीनाथला आधी वारा लागला आणि मग लडक्या दिसला. चेंडू गेला. गोपीनाथ मातीत बसला, आणि बसल्या बसल्याच त्याने आपल्या गोलात चेंडू शिरताना पाहिला. त्या दुपारी हे असं पुन्हा पुन्हा झालं.

परतीच्या ट्रकमध्ये सगळे आपापले गुडघे चोळत बसले होते. तेव्हा तलासरीपलीकडे राज्याची हद्द नव्हती. मराठी आणि गुजराती मुलूख एकाच मुंबई राज्यात नांदत होता. गोपीनाथ डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क होता. दिवसभर चिकूच्या करंड्या आणि मासळीच्या पेट्या योग्य गाडीत चढवायच्या, आणि संध्याकाळी मैदान. कित्येक वर्षं तो डहाणूच्या संघाचा सेंटर हाफ होता. तो धावायचा कमी, बघायचा जास्त. मैदानाच्या मध्यावर, आपल्या बॅकवाल्यांच्या जरा पुढे उभा राहून तो असा चेंडू द्यायचा की विंगवाल्याने नुसता पाय लावावा. संघाची सगळी कामगिरी त्याच्या पायातून सुरू व्हायची.

हेच तलासरीच्या संघाला खेळ शिकवणाऱ्या नव्या शिक्षकाने हेरलं होतं. त्याने आपल्या पोरांना एवढंच सांगितलं होतं, की डहाणूचा चेंडू एकाच माणसातून जातो, त्या माणसाला श्वास घेऊ द्यायचा नाही.

स्टेशनजवळ ट्रकमधून उतरल्यावर शांतारामने त्याला बाजूला घेतलं. शांताराम शाळेत मास्तर आणि संघाचा सेक्रेटरी. दोघे एका बाकावर शिकलेले.

"साखळीत हरलो, चालेल. रविवारी फायनल. पुन्हा हेच तलासरीवाले."

"ठाऊक आहे."

"राग मानू नको, गोप्या. तुक्याला मध्ये घेतो. तू त्याच्या जागी उजवीकडे खेळ. तिकडे तुला एवढं कोण छळणार नाय."

उजवीकडे म्हणजे कडेला. आज कडेला, उद्या काठावर, आणि परवा प्रेक्षकांत शेंगा खात. "मध्यंतरापर्यंत मला मध्ये ठेव," तो म्हणाला. "नाही जमलं तर मी स्वतः तुक्याला बोलावीन."

"मग नंतर कटकट नाय ना?"

"दत्ताची शपथ."

"देवाला मध्ये आणू नको. तो सेंटर हाफ नाय," शांताराम म्हणाला, पण म्हणताना हसला.

घरी बायकोने, अहिल्याने, गुडघ्याला हळद लावली. "पायाची सूज समजते," ती म्हणाली, "तोंडाला कसली आली?"

गोपीनाथ मनात एकच कोडं सोडवत होता. चेंडू येतो, पाठोपाठ तिघे येतात. पुढचे सगळे रस्ते बंद. मग जायचं कुठे? मागे द्यायचा हे त्याच्या मनातसुद्धा येत नव्हतं. मागे दिलेला चेंडू गोलीने हातात घेणं तेव्हा नियमात बसायचं, पण चेंडू गोलीकडे परत देतो तो भित्रा, असं डहाणूच्या मैदानावर प्रत्येक जण लहानपणापासून ऐकत आलेला. गोपीनाथने आजवर तसं कधी केलं नव्हतं, आणि ते तो मोठ्या तोऱ्यात सांगायचाही.

गुरुवारी दत्तजयंती होती. देवळात दिगंबरबुवांचं कीर्तन. गोपीनाथ दरवर्षी बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहायचा. दिवसभराचं ओझं उतरावं तर ते तिथेच, असा त्याचा अनुभव. उदबत्तीचा वास, विणेकऱ्याची संथ तार, बुवांचा तो भरदार, जरासा खरखरीत गळा! माणूस आत शिरताना कोणीही असो, बाहेर पडताना थोडा हलका होऊनच निघायचा.

त्या दिवशी मृदंगावर घोलवडचा नवा, तरणा वादक होता. हात गोड, पण उतावीळ. बुवांनी अभंगाचं चरण घेतलं की हा लय वाढवायचा. बुवा एक पाऊल टाकतात तोवर याची दोन. म्हाताऱ्या बुवांना दम लागलेला मागे उभ्या टाळकऱ्यांना दिसत होता. आता बुवा फरफटत जाणार, असं वाटलं. पण बुवा हसले, मागे वळले, आणि टाळकऱ्यांकडे हात करून त्यांनी ध्रुवपद त्यांच्यावर सोपवलं. टाळकऱ्यांनी ते उचललं. मृदंगी त्यांच्या मागे लागला. टाळांचा नुसता कल्लोळ. तेवढ्या वेळात बुवांनी उपरण्याने घाम पुसला, घोटभर पाणी घेतलं, चार पावलं बाजूला सरकले, आणि तो तरणा दमून समेवर येतो न येतो तोच दुसऱ्याच अंगाने चरण उचललं. सगळं देऊळ डोलायला लागलं.

गोपीनाथचा टाळ चुकला. तो नुसता उभा राहिला.

पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला, तेव्हा त्याने बुवांचे पाय धरले. "बुवा, मघाशी दम लागला म्हणून आम्हाला दिलंत का?"

"दम तर लागलाच होता, खोटं कशाला बोलू?" बुवा म्हणाले. "पण तुम्हाला दिलं म्हणजे टाकलं नाही रे. तुम्ही म्हणत असता तेव्हा मी पुढचं शोधत असतो. आणि तू टाळ का थांबवलास? तुझ्या मनात काय होतं?"

"फुटबॉल, बुवा."

"हरी हरी," बुवा म्हणाले आणि त्याच्या तळहातावर आणखी चिमूटभर सुंठवडा ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी गोपीनाथने गोली बाळ्याला गाठलं. बाळ्या चिकूच्या बागेत करंड्या उचलणारा, अंगाने आडवा, मनाने भोळा.

"मी चेंडू मागे देणार. तुला."

"मला? का? मी काय केलं?"

"तू हातात घ्यायचास, आणि लगेच डाव्या बॅकला द्यायचास. मी तोवर जागा बदललेली असेल."

"गोपीकाका, लोक जोडे मारतील."

"मला मारतील. तू झेल."

दोन संध्याकाळी त्यांनी तेवढंच केलं.

रविवारी समुद्राकाठच्या मैदानावर, सुरूच्या झाडांखाली सगळं डहाणू लोटलं होतं. पहिलाच चेंडू गोपीनाथकडे आला. तिघे सुटले. गोपीनाथने पाय फिरवला आणि चेंडू सरळ बाळ्याकडे मागे दिला.

काठावरून हुर्यो उठली.

"ओ पार्सलबाबू! परत पाठवलं का? पत्ता चुकला?"

"तिकीट कमी लागलं असेल!"

शांतारामने कपाळाला हात लावला. गोपीनाथच्या कानशिलांना चटका बसला, पण तो दहा पावलं डावीकडे सरकला. पुन्हा चेंडू, पुन्हा तिघे, पुन्हा मागे. आणि मग नको तेच घडलं. मागे दिलेला चेंडू वाळूच्या भुसभुशीत पट्ट्यात रुतला, बाळ्या पोचायच्या आत लडक्या पोचला, आणि तलासरीचा गोल झाला.

"बसवा त्याला!" लोक ओरडले.

चेंडू पुन्हा मध्यावर मांडला गेला. फिरत फिरत तो गोपीनाथकडेच आला, लडक्या दात विचकत धावला, आणि सगळ्या मैदानाच्या डोळ्यांदेखत गोपीनाथने तो पुन्हा मागे दिला. या वेळी वाळू टाळून, जरा जोरात. पुढेही तो देतच राहिला. लोक ओरडून ओरडून दमले.

मध्यंतराला तो थेट शांतारामकडे गेला. "बोलल्याप्रमाणे. तुक्या, ये मध्ये."

तुक्या सोड्याची बाटली तोंडाला लावून बसला होता. ती खाली ठेवत तो म्हणाला, "मी नाय येत."

"म्हणजे?" शांताराम चिडला.

"मास्तर, मला उजवीकडनं दिसतंय ना. काका मागं देतात तसे ते तिघं पुढं पुढं येतात. त्यांच्या मागं एवढी मोठी जागा, बैलगाडी वळवावी! आणि आता धापा टाकतायत, बघा तिकडं. काकांनी त्यांना असंच बोलवत राहावं. मी त्या जागेत पळतो."

शांतारामने पलीकडे पाहिलं. लडक्या गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. त्याने गोपीनाथकडे पाहिलं. "दत्ताची शपथ सुटली का रे अशी?"

"शपथ मी पाळली. तू म्हणशील तसं."

"मग मर मध्येच," शांताराम म्हणाला.

उत्तरार्धात खेळ रंगला. चेंडू गोपीनाथकडे, तिघे अंगावर, चेंडू बाळ्याकडे. बाळ्याकडून डाव्या बॅककडे. आणि डाव्या बॅककडून पुन्हा गोपीनाथकडे, पण आता तो भलतीकडेच उभा, एकटा. त्याने चेंडू थांबवलाच नाही. आला तसाच उचलून तिघांच्या डोक्यावरून मोकळ्या जागेत टाकला. तुक्या तिथे आधीच धावत होता. गोल! सुरूच्या फांद्यांवर चढलेली माणसं खाली पडता पडता वाचली.

पुढे गोपीनाथने चेंडू मागे दिला की लोकच ओरडू लागले, "दे बाळ्याला! दे!" मघाशी तिकिटाची थट्टा करणारा तो, सगळ्यांत मोठ्याने. खेळ संपत आला तेव्हा त्याच वाटेने, पण या वेळी डाव्या विंगवरून, डहाणूचा दुसरा गोल झाला.

शेवटची काही मिनिटं उरली असतील. चेंडू गोपीनाथकडे आला. तो वळून तिघांची वाट पाहू लागला. कोणी आलं नाही. लडक्या समोर उभा होता, कमरेवर हात, छाती भात्यासारखी हलत होती.

"ये की," गोपीनाथ म्हणाला.

"नाय काका. तूच ये."

त्याच्या मागून तलासरीचा शिक्षक ओरडत होता, "जा! जा अंगावर!" लडक्याने त्या आवाजाकडे पाहिलं, गोपीनाथकडे पाहिलं, आणि तो आणखी दोन पावलं मागे सरला. बाकीचे दोघेही थांबले.

काठावर शांताराम, दिवसभर उभाच होता तो, सोड्याच्या रिकाम्या खोक्यावर खाली बसला आणि त्याने शेजाऱ्याकडे पान मागितलं. सुरूंच्या आड समुद्राची गाज ऐकू येऊ लागली होती. आणि मैदानाच्या बरोबर मध्ये, चेंडूवर एक पाय ठेवून गोपीनाथ उभा होता. त्याच्या आसपास, जवळपाससुद्धा, कोणीही नव्हतं.