दोष यजमानाचा

कोबोल ही मशीनला हुकूम सोडायची भाषा. लिहायची इंग्रजीत, पण ती इंग्रजी अशी की गोऱ्या साहेबानं ऐकली तर तोही डोकं खाजवेल. ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, जिथं जिथं कारखान्यात कॉम्प्युटर नावाचं कपाट येऊन बसलं होतं, तिथं दोन-चार माणसं या भाषेवर पोट भरत होती. आता यांचं दुःख असं, की नवरा दिवसभर करतो काय हे घरी बायकोला कळायचं नाही आणि कारखान्यात फोरमनला कळायचं नाही. बोलायचं कुणाशी? म्हणून ही मंडळी वर्षातनं एकदा कुठल्यातरी कंपनीच्या कँटीनमधे जमायची. कोबोल मेळावा म्हणायचे त्याला. पोहे, चहा, आणि दिवसभर आपल्या भाषेतल्या गप्पा. माहेरी आल्यासारखी खूश असायची बघा.

मेळाव्याची एक रीत होती. प्रत्येकानं आपला एक प्रोग्रॅम आणायचा आणि यजमानाच्या मशीनवर चालवून दाखवायचा. प्रोग्रॅम म्हणजे काय, तर भोकं पाडलेली जाड कागदाची कार्डं. एका कार्डावर एक हुकूम. अशी खोकंभर कार्डं एकामागोमाग मशीनला खायला घालायची. भाषा एक आहे ना, मग मशीन कुणाचं का असेना, चाललंच पाहिजे, हा त्यांचा तोरा.

आणि नाही चाललं तर? तर यजमानानं उठायचं आणि म्हणायचं, "मंडळी, दोष आमच्या मशीनचा." मशीनचा दोष नाही हे शेंबड्या पोरालाही कळत असायचं. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आपल्याकडं आलेल्या माणसाची मान खाली जाऊ द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या वर्षी यजमान होती आकुर्डीची एक गिअर बनवणारी कंपनी, आणि तिथल्या मशीनरूमचा राजा होता युसुफ मणियार. वडलांचं पिंपरीत बांगड्यांचं दुकान. त्यांना वाटायचं पोरानं गल्ल्यावर बसावं, पोरगा जाऊन बसला गारेगार एसीत. हुशार होता, त्यात वाद नाही. पण हुशारीला जरा वास सुटला होता. मशीनरूमच्या दारात उभा राहून तो पाहुण्यांची खोकी घ्यायचा आणि आत कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. म्हणायचा, "मंडळी, पोहे गरम आहेत. इथलं आम्ही बघतो."

सगळ्यात शेवटी आले मालोजीराव तापकीर. दिघीचा गडी, भोसरीच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला कारकून. पाळ्या लिहून लिहून बोटं वाकडी झाली, मग या वयात संध्याकाळच्या क्लासला जाऊन कोबोल शिकले. खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं.

"मणियारसाहेब, म्या सोताच ठेवतो की आत. चपला काढल्यात बगा."

"चपला काढल्या हो, पण पायाला दिघीची माती आहे तिचं काय?" युसुफ म्हणाला. मागं उभे होते ते हसले. हसले म्हणून त्याला आणखी चेव. "आणा इकडं. बाळंतिणीनं पोर धरावं तसं काय धरलंय!"

मालोजीरावही हसले. खोकं काही सोडवेना. हळूच म्हणाले, "आमचं नानासाहेब आल्यात, म्यानेजर. आज प्रोग्रॅम चालला तर मला कॉम्प्युटरला पक्कं करणार म्हनं. न्हाई चालला तर हाय आपलं टाइम ऑफिस."

"चालेल हो. आमच्या हातात दिलंत ना?"

दिलं. आणि पोहे खायला गेले.

आता एक खोकं न्यावं, मग दुसरं न्यावं. पण नाही. युसुफनं मालोजीरावांचं खोकं दुसऱ्या एकावर ठेवलं, दोन्ही उचलली आणि दार पायानं ढकललं. पायांवरून ज्याला एवढं सुचलं होतं, त्याचाच पाय उंबऱ्याला अडकला. वरचं खोकं गेलं. लग्नात अक्षता उधळाव्यात तशी कार्डं खोलीभर.

खोलीत कुणी नव्हतं. कुणाला येऊ दिलंच नव्हतं ना.

युसुफ गुडघ्यावर बसून गोळा करायला लागला. घाम फुटला, त्या एसीत. पण मालोजीराव जुना कारकून. त्यांनी कार्डांच्या गठ्ठ्यावर वरून लाल पेन्सिलीची तिरकी रेघ मारलेली होती. ही या लोकांची युक्ती. कार्डं सांडली तर ती रेघ पुन्हा जुळवत जायचं, ती न तुटता अखंड आली की क्रम लागला. युसुफनं रेघ जुळवली. जीव भांड्यात पडला.

आणि हातात काही कार्डं उरली. नवी करकरीत, रेघ नसलेली. रेघ मारून झाल्यावर मालोजीरावांनी मागाहून घातलेली. बहुतेक नानासाहेबांनी शेवटच्या घटकेला काहीतरी बदलायला लावलं असणार, साहेबलोकांना ती खोडच असते.

आता ही कुठं घालायची?

कँटीन पलीकडेच होतं. दारात जाऊन हाक मारायची, "मालोजीराव, जरा या हो." एवढंच. पण मग ते विचारणार, काय झालं? मागं ती हसणारी मंडळी. सकाळपासून ज्यानं कुणाला आत येऊ दिलं नाही, त्याच्याच हातनं खोकं सांडलं. युसुफ दारापर्यंत गेला आणि परत फिरला. म्हटलं, कोबोल आपल्यालाही येतंच की. कार्डं वाचली, डोकं चालवलं, इथं एक घातलं, तिथं दोन घातली. मशीनला लावली. मशीननं काही तक्रार केली नाही. सगळं सुरळीत गिळलं आणि छापायचं यंत्र खडाखडा वाजायला लागलं. युसुफ मनात म्हणाला, बघा, जमलं की नाही?

कागद काय आलाय हे त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही.

कँटीनमधे माइकवर होते लालवाणी. पिंपरी कॅम्पातले, मेळाव्याचे सेक्रेटरी, माणूस दिलाचा चांगला पण जीभ सैल. कागद हातात घेऊन म्हणाले, "आता भोसरीचे मालोजीराव तापकीर. यांचा प्रोग्रॅम कामगारांच्या पाळ्या लावतो. कुणावर लागोपाठ रात्रपाळी येणार नाही, असा इन्साफ! वाचतो हां. सोमवार, पहिली पाळी, सोनबा गव्हाणे. दुसरी पाळी, सोनबा गव्हाणे." ते थांबले. "रात्रपाळी, सोनबा गव्हाणे."

कुणीतरी फिसकन हसलं.

"मंगळवार. पहिली पाळी..." लालवाणींना पुढं वाचवेना. "अरे, या सोनबाची बायको काय म्हणत असेल!"

"काय म्हणेल, सुटले म्हणेल!" मागून आवाज आला आणि कँटीन फुटलं. टेबलं बडवून हसले लोक. आणि हसण्याच्या त्या लाटेत, वेगळं दिसू नये म्हणून, युसुफही हसला. दात काढून.

मग त्याची नजर मालोजीरावांकडं गेली. ते उभे होते. ते हसत नव्हते, कुणाला दोष देत नव्हते, ओठ हलवत आपलाच प्रोग्रॅम मनात पहिल्यापासून म्हणत होते. कुठं चुकलं माझं? पहिल्या रांगेत नानासाहेबांनी घड्याळात बघितलं.

युसुफला कळलं. 'पुढचा माणूस घे' या हुकमाचं कार्ड आपण भलतीकडं खुपसलं. म्हणून मशीन एकाच माणसाला तिन्ही पाळ्यांना जुंपत बसलं. तो उठला.

"मंडळी," तो म्हणाला, "दोष मालोजीरावांचा नाही. कार्डं माझ्या हातनं सांडली. मी ती चुकीची लावली."

आणि मग टाळ्या! काय टाळ्या म्हणता! लालवाणी तर माइकवरच ओरडले, "वा, मणियार, वा! आजवर यजमानानं दोष मशीनवर ढकलला. या माणसानं स्वतःच्या अंगावर घेतला! याला म्हणतात खानदान!"

"नाही हो, खरंच सांडली!" युसुफ ओरडला.

"बघा, बघा, अजून सोडत नाही!" लोक आणखी हसले, आणखी टाळ्या. नानासाहेबही गालात हसले, उठले, आणि ड्रायव्हरला खूण करून बाहेर पडले.

मेळाव्यात एक शाल द्यायची असायची, सगळ्यात चांगल्या प्रोग्रॅमला. लालवाणींनी काय केलं, ती युसुफला जाहीर केली, मोठ्या मनाबद्दल. आणि पांघरायला बोलावलं कुणाला? मालोजीरावांना. त्यांनी ती त्याच्या खांद्यावर नीट घातली, पदर सारखे केले, आणि हात जोडले. "लई उपकार झालं. सगळ्यांम्होरं माजी लाज झाकलीत."

मारलं असतं तर बरं वाटलं असतं, असं झालं युसुफला. त्यानं मालोजीरावांचा दंड धरला, कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं आणि खोकं पुढं ठेवलं.

"उघडा. बघा कार्डं."

मालोजीराव अंगठ्यानं कार्डं पुढं सारत गेले. सारता सारता थांबले. एक कार्ड वर काढलं. "हे हितं कसं? हे म्या हितं ठिवलं न्हाई." मग दुसरं. मग त्यांनी युसुफकडं बघितलं, शालीकडं बघितलं.

"म्हंजी मगाशी खरं बोलत व्हता तुमी?"

युसुफनं मान हलवली.

मालोजीरावांनी सावकाश कार्डं जागच्या जागी घातली. मग म्हणाले, "मी थितंच पोह्याला बसलो व्हतो. हाक मारली असती तर आलो असतो. का न्हाई मारली?"

युसुफनं खांद्यावरची शाल काढून हातात घेतली.

"मला सांगून काय उपेग," मालोजीराव खोकं बंद करत म्हणाले. "ज्येच्याम्होरं माजी अब्रू गेली त्येला सांगा."

युसुफ घरी आला तर दारातच बायको, नजमा. "अहो, शाल कसली?"

"पाहुण्याची लाज राखली म्हणून दिली."

"मग तोंड असं का पडलंय?"

त्यानं सगळं सांगितलं. नजमानं ऐकून घेतलं. रागावली नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "मग ती घरात कशाला आणलीत?" आणि चुलीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून युसुफ भोसरीला गेला. गेटवर वॉचमननं विचारलं, "काय काम?" आता काय सांगणार? म्हणाला, "नानासाहेबांना भेटायचंय." बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. येणारा-जाणारा बघायचा, युसुफला वाटायचं यांना सगळ्यांना माहीत आहे.

नानासाहेबांनी हसून बसायला सांगितलं. "या मणियार. काल काय टाळ्या घेतल्यात राव!"

"साहेब, काल मी रीत पाळली नव्हती. काल मी खरं बोललो होतो." आणि मग उंबरा, सांडलेली कार्डं, बिनरेघेची कार्डं, दारापर्यंत जाऊन परत फिरला तेही, सगळं ओकला.

नानासाहेबांचं हसू हळूहळू गेलं. "खरं?"

"खरं, साहेब. मालोजीरावांचा प्रोग्रॅम बरोबर आहे. पाहिजे तर आत्ता चालवून बघा."

"चालवून बघीन." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण एक सांगा. कागद वाचला जात होता तेव्हा मी तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही हसत होता."

युसुफनं नजर टेबलावरच्या चष्म्याकडं वळवली.

"माणूस तुमच्यामुळं बुडतोय, आणि तुम्ही हसत होता. म्हणून तर मला तुमचं नंतरचं बोलणं रीतीतलं वाटलं. आपणच गुन्हा करून असं कोण हसेल?"

"चुकलं, साहेब."

"चुकलं खरं. आणि मीही घाई केली. काल संध्याकाळीच वरच्या साहेबांना कळवून मोकळा झालो. पुण्याचा एक पोरगा येतोय कॉम्प्युटरला. आता त्याला नको कसं म्हणू?" ते खिडकीबाहेर बघत बसले. "मालोजीला सध्या टाइम ऑफिसलाच राहू दे. पुढं जागा निघाली तर त्याचं नाव आधी घेईन. शब्द देतो."

"साहेब, माझ्या चुकीची शिक्षा त्यांना..."

"तुम्हाला द्यायला तुम्ही माझे नोकर नाही," नानासाहेब म्हणाले. "या आता."

बाहेर पडायची वाट टाइम ऑफिसच्या खिडकीवरूनच होती. युसुफला वाटलं, खाली मान घालून निघून जावं. सायकल समोरच होती. पण काल एकदा दारातनं परत फिरला होता, त्याचं काय झालं ते बघितलं होतं. तो खिडकीपाशी गेला. आत मालोजीराव हजेरीपटावर पाळ्या लिहीत होते.

"काय म्हनलं?"

युसुफनं सांगितलं. पुण्याच्या पोरासकट, शब्दासकट, आपल्या हसण्यासकट. काही राखलं नाही.

मालोजीरावांनी ऐकलं. पेन खाली ठेवलं, परत उचललं. "हसला व्हय तुमी बी? म्या बघितलं न्हाई."

"हसलो."

"हं." बाहेर पहिली पाळी सुटत होती, माणसं खिडकीशी यायला लागली होती. मालोजीरावांनी पट पुढं ओढला. "सरा जरा बाजूला, मणियारसाहेब. मागं रांग लागलीय."

युसुफ बाजूला सरला.